आठ बायकांचं बाकडं

राधाकृष्णाच्या शबनम पिशवीत सिमेंटच्या दोन-तीन पट्ट्या कायम असायच्या. शाळेतल्या फूटपट्टीएवढ्या लांब, बाजरीच्या भाकरीएवढ्या जाड, रंगानं राखाडी. कुणी नवा माणूस भेटला, रामराम झाला, पाऊसपाण्याची विचारपूस झाली, की त्याचा हात पिशवीत जाई.

"हे मोडून दाखवा बरं," तो म्हणे.

समोरचा माणूस आधी संशयानं बघे, मग दोन्ही टोकं धरून जोर लावी. सिमेंटच ते, काडकन दोन तुकडे होणार, अशी त्याची खात्री असे. पण पट्टी नुसती कुरकुरत वाके. तिच्या पोटावर केसासारखे बारीक तडे एकाशेजारी एक उमटत, तिची चांगली कमान होई, आणि मोडायचं नाव नाही. मग राधाकृष्ण असा काही हसे, की जणू ती पट्टी नाही, त्याचं पोरगं पहिल्या नंबरानं पास झालंय.

दौंडच्या एसटीत एकदा कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढे केला, तर यानं त्याच्या हातात पट्टीच ठेवली. कंडक्टरनं ती वाकवली, मागच्या बाकावरच्यांनी मागून घेऊन वाकवली, ड्रायव्हरनंही थांब्यावर वाकवून पाहिली. श्रीगोंदा फाटा मागं गेला तरी अर्ध्या गाडीची तिकिटं फाडायची राहिली होती.

एकदा वाकलेली पट्टी काही पुन्हा सरळ होत नसे. त्यामुळे केडगावच्या त्याच्या दोन खोल्यांत वाकड्या पट्ट्यांचा ढीग साठला होता. पुष्पावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यांचाही संसार मांडला. एक डुगडुगत्या कपाटाखाली, एक खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत, दोन माठाखाली.

"लोकांचे नवरे बाहेरून येताना गजरा आणतात," ती शेजारणीला सांगे, "आमच्याकडं वाकडं सिमेंट येतं."

राधाकृष्ण मूळचा सोनईचा. पुण्याला इंजिनिअर झाला आणि केडगावात सिमेंटचे पाइप नि खांब बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. शिकत असताना लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात त्यानं वाचलं होतं, की सिमेंटमध्ये बारीक तारांचे तुकडे कालवले तर ते ठिसूळ राहत नाही, चिवट होतं. तारा परवडायच्या नाहीत. पण नगर जिल्ह्यात बांधाबांधावर घायपात उभं, आणि त्याच्या पानांचा चिवट धागा, म्हणजे वाख, दोरखंडवाल्यांकडं पेंढ्यांनी मिळे. राधाकृष्णानं वाखाचे बोटभर तुकडे कापून सिमेंटमध्ये कालवले, आणि पहिली पट्टी वाकली त्या दिवसापासून तो जमिनीवरून चालायचा बंद झाला.

सासुरवाडी काष्टीची. संक्रांतीला तो तिथं गेला तेव्हा तिळगूळ हातात पडायच्या आधीच त्यानं सासूच्या हातात पट्टी दिली. केशरबाई म्हणजे अंगानं सडसडीत, नजरेनं तिखट. त्यांनी पट्टी वाकवली, उलटी करून पाहिली, नखानं तडे खरवडले.

"वाकतंय खरं," त्या म्हणाल्या. "पन जावईबापू, ह्याचं करायचं काय?"

हा प्रश्न राधाकृष्णाला आजवर कुणी विचारला नव्हता. तो जरा गडबडला. "काहीही करता येईल, मामी. पत्रे, फळ्या, बाकडी…"

"बाकडी?" केशरबाईंनी शब्द धरून ठेवला. "मंग यक बाकडंच करा की. बाजाराला आल्याल्या बाया यष्टीची वाट बघत तिकडं लिंबाखाली मातीत बसत्यात. उठताना एकमेकींला वढाया लागतंय."

"करू! एकसंध करू. मध्ये एक पाय नाही, काही नाही. दोन टोकांना दोन टेकू आणि वर आठ बायका."

"आठ?"

"आठ. आणि वाकेल, पण मोडणार नाही."

सासरे सहादेव ओसरीवर सुपारी कातरत होते. गावचे पंच, बोलायला कमी. त्यांनी अडकित्ता थांबवून जावयाकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

केडगावला परतल्यावर राधाकृष्णानं हिशेब मांडला. पट्टी इतकं वजन पेलते. बाकडं पट्टीच्या अमुक पट लांब, अमुक पट रुंद, अमुक पट जाड. सिमेंट तेच, वाळू तीच, वाखही तोच. कागदावर आठच काय, दहा बायका बसत होत्या. त्यानं मालकाकडं एक दिवस साचा मागितला. मालकानं दिला, वर एवढंच म्हणाला, "सासुरवाडीला काय द्यायचं ते द्या. कारखान्याचं नाव मात्र त्याच्यावर घालू नका."

बाकडं ओतलं, त्यावर गोणपाट घालून महिनाभर पाणी मारलं. त्या साली विहिरी फाल्गुनातच तळाला गेल्या होत्या. पुष्पावती हंडा घेऊन कारखान्याच्या विहिरीवर यायची, गोणपाट ओलं करणाऱ्या नवऱ्याकडं बघायची आणि म्हणायची, "झाडाला मिळंना, दगडाला पाजताय."

आणि मग अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, धोतरजोडी, अंगठी, काय ऐपतीत असेल ते द्यायचं, असा तो महिना. घेणारा जावई सगळ्यांनी पाहिला होता. पण राधाकृष्ण ट्रकच्या हौद्यात बाकडं घालून आला, तेव्हा सगळी काष्टी बघायला लोटली.

सहादेवांची थोरली बहीण रंगुबाई मुद्दाम या जेवणासाठी आली होती. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. ट्रकमधून चार गड्यांना बाकडं उतरवताना तिनं पाहिलं आणि रस्त्यातच टाळी वाजवली.

"केशर, आपन धोंडं करून जावयाला घालायचं, का जावयानं धोंडा आनून आपल्याला घालायचा?"

राधाकृष्ण हसला. त्याला त्या दिवशी कशाचंच वाईट वाटत नव्हतं. लिंबाखाली दोन दगडी टेकू तयार होते. बाकडं वर चढलं, सहादेवांनी नवा फेटा बांधून नारळ फोडला, आणि राधाकृष्णानं बायकांना हातानं बसायची खूण केली.

पहिल्या केशरबाई बसल्या. मग शेजारच्या बनुबाई, छबूबाई, आक्काबाई. मग जावा-नणंदा. सात झाल्या. रंगुबाई मागं राहिली होती.

"मी उभी ऱ्हाते, बाई. मी बसले तर दोन जागा जातील."

"बसा हो आत्याबाई," राधाकृष्ण म्हणाला, "तुमच्यासाठीच तर केलंय. वाकेल, पण मोडणार नाही!"

रंगुबाई मधोमध जागा करून बसली. राधाकृष्ण गुडघ्यांवर हात ठेवून समोर वाकून उभा राहिला. आता बाकड्याच्या पोटावर केसासारखे शेकडो तडे उमटतील, एकाशेजारी एक, आणि त्याची सुंदर कमान होईल, ती बघायला तो आतुरला होता.

एकच तडा गेला. बरोबर मध्यावर. आवाज झाला तो कुरकुरीचा नव्हता, वाळलेलं लाकूड मोडावं तसा होता. क्षणभर बाकडं वाखाच्या धाग्यांवर लोंबकळल्यासारखं थांबलं, तेवढ्यात बायकांना कळलं, आणि मग ते मधूनच खाली बसलं. दोन्ही टोकं टेकूवर, पोट जमिनीवर. बाकीच्या सातही जणी दोन्ही बाजूंनी घसरत रंगुबाईच्या अंगावर गोळा झाल्या. कुणाची बांगडी कुणाच्या अंबाड्यात अडकली, छबूबाईंची पानाची चंची उपडी झाली. बाकडं बुटकं होतं म्हणून लागलं कुणालाच नाही.

सगळ्यांच्या खालून रंगुबाईचा आवाज आला.

"वाकंल म्हनलं हुतं की वो पाव्हणं! ह्ये तर निजलं!"

मग जो हशा उठला तो बाजारतळाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेला. बायकाच जास्त हसत होत्या. हसताना उठता येईना, आणि उठता येईना म्हणून आणखी हसत होत्या.

राधाकृष्ण मात्र खाली गुडघे टेकून भेगेत डोकं घालून बसला होता.

"अहो," पुष्पावतीनं त्याचा सदरा ओढला, "आधी आत्याला उठवा. मग बाकड्याला काय झालं ते बघा."

त्याचे कान लाल झाले ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहिले.

घरी ताटं मांडली होती. पुरणाच्या वाफेनं सगळं घर गोड झालं होतं. जावई मात्र ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला. दुपारच्या गाडीनं जातो म्हणाला. जेवणार नाही म्हणाला. गावातून येणारा-जाणारा दारात थांबून, "काय पाव्हणं, कधी आलात? बसा की," असं म्हणून पुढं जात होता, आणि त्या 'बसा' वर जरा जास्तच जोर देत होता.

सहादेव शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "हुतं आसं. आमच्या हिरीचा कठडा बी पडला हुता."

"कशानं?"

"म्हैस टेकली."

राधाकृष्णाला यातून धीर मिळाला नाही.

शेवटी केशरबाई स्वतः ताट घेऊन बाहेर आल्या. "धोंड्याच्या म्हैन्यात जावई उपाशी गेला तर लोक मला काय म्हनतील? बाकडं तुमचं पडलं, नाव माजं जाईल. खावा."

त्यांच्या नजरेपुढं त्यानं एक धोंडा तोंडात घातला. मग दुसरा. पोटात गोड गेल्यावर त्याचं डोकं चालू लागलं, आणि तिसरा धोंडा हातात असतानाच त्यानं तो प्रश्न विचारला.

"मामी, बाकडं नेमकं किती वजनाला मोडलं ते कळायला हवं. तुमच्या सगळ्यांची वजनं किती असतील?"

आतून रंगुबाई बाहेर आली.

"काय विचारलं जावयानं?"

"वजन," केशरबाई म्हणाल्या.

"कुनाचं?"

"आपलं सगळ्यांचं. तुझं बी."

"आगं बया! आदी पाडलं, आन आता जोखनार!"

राधाकृष्णानं हातातला धोंडा खाली ठेवला आणि समजावून सांगायला लागला. त्याच्या मनात खरं म्हणजे एक आशा होती. ती त्यानं बोलून दाखवली नाही, पण पुष्पावतीनं ओळखली. त्याला वाटत होतं, की बायकाच अंदाजापेक्षा जड निघतील. मग हिशेब बरोबर, सिमेंट बरोबर, वाख बरोबर. चूक काय ती रंगुबाईंची. पण कुठलीच बाई एकटी काट्यावर चढायला तयार होईना. बनुबाईंनी तर घरी निघायला पायात चपला घातल्या.

"मंग समद्या येकदम चढू," केशरबाई म्हणाल्या. "येकदम चढायचं, येकदम उतरायचं. कुनाचं किती कुनालाच कळनार न्हाई. जावयाला येकूनच पायजे ना?"

"एकूणच पाहिजे, मामी!"

अशी ही वरात बाजारातल्या आडतीवर गेली. श्रीमंत नावाच्या आडत्याकडं कांद्याची पोती एकदम जोखायचा जमिनीलगतचा मोठा काटा होता. श्रीमंत म्हणजे गावातला सगळ्यात खोडकर माणूस. त्यानं गोणपाट झटकून काटा साफ केला.

"या, या. माल कुठला म्हनायचा?"

"काष्टीचाच हाय," रंगुबाई म्हणाली. "आन माती-कडता धरून वजन कापू नको, सांगून ठिवते."

आठही जणी काट्याच्या कडेनं उभ्या राहिल्या. केशरबाईंनी एक, दोन, तीन म्हटलं आणि सगळ्या एकदम चढल्या. बांगड्या वाजल्या, पदर सावरले गेले, काटा डुलून स्थिर झाला. श्रीमंतानं वजनं सरकवली, डोळे बारीक केले, आणि मुद्दाम उशीर लावला. तोवर कुणी श्वास सोडला नाही, जणू श्वास सोडला की वजन वाढेल. मग परत एक, दोन, तीन, आणि सगळ्या एकदम उतरल्या. आक्काबाई जरा मागं राहिल्या, तर तिघींनी त्यांना दंडाला धरून ओढलं.

श्रीमंतानं आकडा सांगितला. राधाकृष्णानं तो ऐकला, पुन्हा विचारला, आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?" केशरबाईंनी विचारलं. "लई भरलो का?"

"नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कमी भरलात. मी धरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी. एवढं तर त्यानं सहज पेलायला पाहिजे होतं."

हे कळायला रंगुबाईला एक क्षण लागला. मग तिनं आडतीच्या दारात उभं राहून भर बाजाराला सांगितलं, "आयका गं बायांनो! आमी हलक्या हाओत! बाकडंच नाजूक हुतं!"

त्या दिवसापासून रंगुबाईनं राधाकृष्णाला सगळं माफ केलं.

आता सबब उरली नव्हती. राधाकृष्ण आणि पुष्पावती एसटीनं केडगावला निघाले. शेजारी एक नवा माणूस बसला, रामराम झाला, पावसाची विचारपूस झाली, तरी त्याचा हात पिशवीत गेला नाही. पुष्पावती खिडकीबाहेर बघत होती. मनातून तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. केडगाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "पट्टी काही खोटं बोलत नव्हती. मी स्वतः वाकवलीय."

"तेच तर कळत नाही," तो म्हणाला. "पट्टी खरी आणि बाकडं पण खरं. एकाच घमेल्यातलं दोन्ही."

त्यानं ठरवलं, आता मोठ्या उड्या नाहीत. एकाच कालवणातून तीन मापांच्या फळ्या ओतल्या. एक पट्टीसारखी पातळ, दुसरी तिच्यापेक्षा प्रत्येक बाजूनं मोठी, आणि तिसरी जवळजवळ बाकड्याएवढ्या जाडीची. प्रत्येक मापाच्या चार-चार. पुन्हा गोणपाट, पुन्हा पाणी, पुन्हा पुष्पावतीचे टोमणे. फक्त यावेळी हंडा तीच ओतत होती.

फळ्या तयार झाल्या त्या सुमाराला केशरबाई केडगावात हजर. "लेकीकडं आले," असं त्यांनी सांगितलं, पण पिशवी खाली ठेवताच विचारलं, "कदी मोडायच्या?"

कारखान्याच्या आवारात, पाइपांच्या राशींमध्ये, राधाकृष्णानं दोन टेकू मांडले. फळी त्यावर आडवी ठेवायची, मध्यावर साखळीनं लोखंडी पाटी टांगायची आणि पाटीत थोडी-थोडी वाळू ओतत जायची. केशरबाई एका पालथ्या घमेल्यावर पदर डोक्यावर घेऊन बसल्या. पुष्पावती वाळू ओतायला.

पातळ फळी लगेच वाकली. कुरकुरली, पोटावर तड्यांची जाळी उमटली, कमान खोल होत गेली, पाटी जमिनीला टेकायला आली तरी ती तुटेना.

"हिला सासुरवास सोसंल," केशरबाई म्हणाल्या.

मधली फळी बराच वेळ ताठ राहिली. मग दोन-तीन तडे गेले, त्यातला एक मोठा झाला, आणि ती कण्हत-कण्हत खाली गेली. मोडली असं नाही म्हणता येणार, पण पातळ फळीसारखी ऐटही नव्हती.

जाड फळीला सगळ्यात जास्त वाळू लागली. पुष्पावतीचे हात भरून आले. केशरबाई कौतुकानं बघत होत्या. "काय बी म्हना, ह्यो गडी दांडगा हाय." आणि त्यांचं वाक्य संपतंय तोच काडकन आवाज झाला, एकच भेग पडली, आणि पाटी वाळूसकट धप्पकन खाली. धुरळा खाली बसल्यावर केशरबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आमच्या दिरासारका निघाला. दिसायला दांडगा आन यका शब्दाला मोडला."

राधाकृष्ण हसला नाही. एव्हाना तो तिन्ही फळ्यांच्या भेगांवर डोळे रोवून बसला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिन्ही मापं मोडली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी तेच. जसजसं माप मोठं, तसतशी फळी वजन जास्त घेई, पण तिच्या आकाराच्या मानानं कमी. आणि एकदा तडा गेला की सावरायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला, तेव्हा पुष्पावती भाकरी थापत होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मी सगळं मोठं केलं," तो म्हणाला.

"काय मोठं केलं?"

"लांबी, रुंदी, जाडी. सगळं. वाख मात्र बोटभरच ठेवला."

पुष्पावतीनं तव्यावरची भाकरी उलटली. केशरबाई पडल्या होत्या त्या उठून बसल्या. राधाकृष्ण जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी दाखवायला लागला. पातळ पट्टी वाकते तेव्हा भेगेचं तोंड उघडतं ते इतकुसं. बोटभर धागा दोन्ही काठ सहज धरून ठेवतो. जाड फळीत तीच भेग वरपासून खालपर्यंत मोठी, तिचं तोंड हे एवढं उघडतं. तेवढ्यात धागा एका काठातून सुटूनच येतो. शिवाय पातळ साच्यात धाग्यांना उभं राहायला जागाच नसते, सगळे आडवे पडून कामाला लागतात. जाड साच्यात त्यातले कितीतरी उभे, तिरके, कसेही पसरतात. ते भेग धरत नाहीत, नुसती गर्दी करतात.

"मंग लांब वाख घाला," केशरबाई म्हणाल्या.

"अगदी सुरुवातीला घालून पाहिला होता. त्याचे गोळे होतात. सिमेंट आत शिरतच नाही."

"मंग?"

हा 'मंग' ऐकून संक्रांतीचा राधाकृष्ण असता तर लगेच काहीतरी कबूल करून बसला असता. आता त्यानं भाकरीचा घास मोडून हातातच धरला, आणि म्हणाला, "मग जे पातळ आहे ते पातळच ठेवायचं, मामी. एकसंध दांडगं बाकडं करायचंच नाही. पातळ फळ्या करायच्या आणि टेकू जवळजवळ द्यायचे."

"म्हंजी मदी पाय आला."

"आला."

"तुमी तर म्हनला हुता, यक बी पाय न्हाई."

"म्हणालो होतो," राधाकृष्णानं कबूल केलं, आणि सासूच्या चेहऱ्यावर हसू फुटलेलं पाहून पहिल्यांदाच त्यालाही हसू आलं.

ज्येष्ठ सरत आला तरी आभाळात ढग नव्हता. काष्टीच्या बाजारात जनावरं उतरली होती ती बरगड्या मोजता येतील अशी, आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. अशा दिवसांत बाकड्याचं कुणाला काय पडलंय, असं राधाकृष्णाला वाटलं. पण ट्रक लिंबाखाली थांबला, तर मागच्या खेपेपेक्षा जास्तच गर्दी. लोकांना मनापासून हसायला काहीतरी हवं होतं, आणि मागची आठवण अजून ताजी होती.

बाकडं दिसायला अगदीच साधं होतं. चार दगडी टेकू, त्यांवर एकाशेजारी एक मांडलेल्या पातळ फळ्या, मध्ये बोट जाईल एवढी फट. श्रीमंत आडत्यानं फळी बोटांनी वाजवून पाहिली.

"ही तर मागल्यापक्षा निम्मी बी न्हाई, पाव्हणं. काटा आनू का?"

"किती बायका?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

राधाकृष्णानं घसा साफ केला. "चार."

"आठाच्या चारच झाल्या!"

"चार बसल्या तर काही होणार नाही, एवढं मी करून पाहिलंय. जास्त बसल्या तर काय होईल ते मी सांगत नाही."

हे उत्तर लोकांना फारसं आवडलं नाही. सहादेवांना मात्र आवडलं असावं. ते गर्दीतून पुढं आले, फेटा सारखा केला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "चार म्हंजी चार," ते लोकांना म्हणाले.

पण ऐकणार कोण? रंगुबाईनं गर्दी बाजूला सारली आणि सगळ्यांच्या आधी मधोमध जाऊन बसली. फळी जराशी खाली गेली, एवढीशी, आणि थांबली. मग केशरबाई बसल्या, बनुबाई, छबूबाई. चार झाल्या. त्यानं हात वर केला, पण पाचवी बसलीही होती, आणि सहावी तिला सरक म्हणत होती. आठवी बसली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

काहीच ऐकू आलं नाही. त्यानं डोळे उघडले. आठही जणी रांगेत बसल्या होत्या, आणि खालच्या फळ्या अगदी थोड्या लवून गप्प होत्या. त्यानं वाकून खाली पाहिलं. एका फळीच्या पोटावर केसासारखे दोन-तीन तडे होते. त्यानं ते बोटानं चाचपले. ते वाढत नव्हते.

"लवतंय जरासं," रंगुबाईनं जाहीर केलं. "पन बरं वाटतंय. खाटंवानी."

लोकांची निराशा झाली, पण ती टिकली नाही. श्रीमंतानं चहा सांगितला. पुष्पावती नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चार म्हणालात ते बरं केलंत."

"आठ म्हणायचं जिभेवर आलं होतं," तो म्हणाला.

"दिसत होतं."

संध्याकाळी नगरची गाडी यायची होती. दोघं पिशव्या घेऊन लिंबाखाली आले, तर बाकड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका टोकाला दोन म्हाताऱ्या पाय वर घेऊन बसल्या होत्या, मध्ये कुणीतरी भाजीच्या पाट्या ठेवल्या होत्या, आणि उरलेल्या सगळ्या जागेत रंगुबाई डोक्याखाली पिशवी घेऊन, तोंडावर पदर ओढून खुशाल झोपली होती. पोचवायला आलेल्या केशरबाई तिला हलवायला पुढं झाल्या.

"राहू द्या, मामी," राधाकृष्ण म्हणाला, "झोपू द्या त्यांना."

आणि गाडी येईपर्यंत तो पिशवी खांद्याला अडकवून उभाच राहिला. पाय दुखत होते, पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.